रेखाताईंचा बुधवार

रेखाताई गजभिये माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य असं होतं: "आपली ओळख नाही, असं दाखवा."

ओळख खरोखरच नव्हती. जर्मनीतल्या नेकारसुल्मला येऊन मला जेमतेम पंधरवडा झाला होता. तिथल्या गाड्यांच्या कारखान्यासाठी सॉफ्टवेअर तपासणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी पुण्याहून आले होते, आणि त्या संध्याकाळी दूध आणि ब्रेड घेऊन सुपरमार्केटच्या रांगेत उभी होते. पाठीमागून कुणीतरी मराठीत कुजबुजलं तेव्हा मी दचकून वळले. पंजाबी ड्रेसवर जाड निळं जॅकेट घातलेली, चाळिशीला टेकलेली एक बाई. घट्ट वेणी, चष्मा, आणि नजर माझ्याकडे नाही, तर काउंटरजवळच्या चॉकलेटांवर. त्या चॉकलेटांकडेच बघत तिने वर्तमानपत्रातून कापलेला एक चौकोनी तुकडा माझ्या हातात सरकवला आणि सूर्यफूल तेलाच्या दोन बाटल्या माझ्या दुधाशेजारी काउंटरच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवल्या.

"एका गिऱ्हाइकाला एकच कूपन चालते," ती म्हणाली. "माझं मी देते, हे तुमच्या नावानं द्या. पैसे बाहेर देईन."

"पण मी मराठी आहे हे तुम्हाला कसं..."

"मघाशी पिठापाशी आईशी फोनवर बोलून राहिल्या होत्या ना. आता समोर बघा."

मी समोर बघितलं. कूपन चाललं. बाहेर ट्रॉल्यांच्या शेडखाली तिने माझे पैसे सुट्ट्यांसकट चुकते केले आणि त्या दोनपैकी एक बाटली परत माझ्या पिशवीत टाकली. "ही तुमची. उभ्या राहिल्या ना माझ्यासाठी." मग हातमोजा काढून हात पुढे केला. "चला, आता करू ओळख. मी रेखा गजभिये, नागपूरची."

त्या माझ्याच रस्त्यावर, दोन इमारती सोडून राहत होत्या. गावाच्या वरच्या अंगाला, द्राक्षांच्या मळ्यांना टेकून सारख्या दिसणाऱ्या इमारतींची एक रांग होती. खाली गावात जायला तासाला एक बस. दुपारी त्या रस्त्यावर माणूस दिसत नसे. पुढची पाच वर्षं रेखाताई माझ्या सर्वांत जवळच्या शेजारीण होत्या, आणि त्यांच्या घरी माझं जाणं व्हायचं ते बहुधा बुधवारी.

बुधवारी गावाचं फुकट साप्ताहिक यायचं. बातम्या थोड्या, आणि पोटात दुकानांची भरगच्च रंगीत पत्रकं. काहींच्या तळाशी तुटक रेषेत आखलेली कूपनं. आमच्याकडे निम्म्या लोकांनी पत्रपेटीवर "जाहिराती नकोत" अशी चिठ्ठी लावलेली, त्यामुळे वाटणाऱ्या बाईकडे अंक उरत. ती उरलेले अंक रेखाताईंच्या पायरीवर ठेवून जाई. जेवणाच्या टेबलावर सगळी पत्रकं पसरून, मुलीची शाळेतली बोथट कात्री घेऊन त्या बसत. कापण्याआधी एकदा सगळं वाचून काढत, पेपर तपासायला घेतल्यासारखं. त्या नागपूरला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होत्या. नवऱ्याला इथलं काम मिळालं तेव्हा एका वर्षाची बिनपगारी रजा काढून आल्या. रजा एकदा वाढवून मिळाली, दुसऱ्यांदा मिळाली नाही, आणि जागेवर दुसरं कोणी लागलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही पत्रक उलटता उलटता.

त्यांचं जर्मन या पत्रकांमधूनच आलेलं होतं. भाषेच्या वर्गाची फी भरायची की नाही हे "पुढच्या वर्षी बघू" वर राहिलं होतं. त्यामुळे डॉक्टरला कुठं दुखतं हे सांगताना त्या अडखळत, पण "सोलांगे डेअर फोराट राइश्ट", म्हणजे साठा असेपर्यंत, हे अस्खलित म्हणत. ही वाक्यं त्या घरात सर्रास वापरत. मला भात वाढताना म्हणत, "हाउसहाल्ट्स-यूब्लिश घे, लाजू नको." घरगुती वापरापुरतंच न्या, अशी ती दुकानांची अट. आणि कोणी काही कबूल केलं की लगेच, "ग्युल्टिश बिस?" कधीपर्यंत वैध?

हा प्रश्न बहुतेक वेळा मिलिंददादांसाठी असे. मिलिंद गजभिये म्हणजे त्यांचे मिस्टर. कारखान्याला माणसं पुरवणाऱ्या एका कंपनीमार्फत ते काम करत. कंत्राट वर्षावर्षाचं. दर वर्षी शरद ऋतूत ते संपणार अशी हवा व्हायची आणि शेवटच्या घटकेला वाढायचं. उंच, वाकलेला, हळू बोलणारा माणूस. लहानपणी एका खोलीत आठ जणांत वाढलेले; भावंडांत शिकलेले तेच पहिले. बहिणीचं लग्न, भावाचं इंजिनिअरिंग, सगळं त्यांच्या खांद्यावर झालं, आणि आता नागपूरला सगळ्यांसाठी घर बांधणं चाललं होतं. दर सुट्टीत ते फोनवर नव्या भिंतींचे फोटो दाखवत. तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळायचा, की त्या घरातला एक कोपरा तरी आपण बघून यावा असं वाटे.

पण इथल्या घरात पडदे नव्हते. आधीच्या भाडेकरूने सोडलेला एक दिवा, आणि कपाटावर दोन मोठ्या बॅगा, विमानतळाच्या चिठ्ठ्या अजून लोंबणाऱ्या. भिंतीवर फक्त बुद्धाचं एक चित्र. पडदे घेऊ म्हटलं की मिलिंददादा म्हणत, "कशाला? पुढच्या वर्षी जायचंच आहे."

"ग्युल्टिश बिस?" रेखाताई विचारत.

ते हसत. त्याही हसत. एकदा मात्र त्या मला घेऊन तळघरातल्या आपल्या कोठडीत गेल्या. तिथे नीट रचलेली टोमॅटोची टिनं, मीठ, शाम्पू, आणि छताला लागलेले धुण्याच्या पावडरचे खोके. "बघ," त्या म्हणाल्या. "हे म्हणतात पुढच्या वर्षी. आणि हे सारं कोण संपवणार?"

मग तिथेच एका खोक्यावर बसून म्हणाल्या, "तुला गंमत सांगू पूर्वा? घरखर्चाचे पैसे हे महिन्याला काढून देतात. मी कूपनं लावून त्यातले वाचवते. वाचलेले यांना दिसतात. मग पुढच्या महिन्यात तेवढे कमी येतात. कारण एवढ्यात भागते, हे मीच दाखवलं ना. मग मी त्यातूनही वाचवते."

"मग कमी वाचवा."

"करून पाहिलं." त्यांनी चष्मा काढून ओढणीला पुसला. "जमत नाही. समोर कागद आला की हात कात्रीकडे जाते. आणि वाचवलं नाही तर दिवसभर काय करू, तू सांग."

मिलिंददादांना वाईट म्हणायची सोय नव्हती. ते स्वतः सहकाऱ्यांबरोबर कॉफीसुद्धा घेत नसत. घरून थर्मास नेत.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर फ्राऊ होल्त्स नावाच्या आजी एकट्या राहत. त्याही बुधवारच्याच. जिन्यात दोघींची अदलाबदल चाले: आजींना मांजराच्या खाण्याचं कूपन, रेखाताईंना दह्याचं. दोघींना एकमेकींचं निम्मंच कळे. आजी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत, आणि गजभिये हे नाव जमत नसल्यामुळे रेखाताईंना "फ्राऊ गाशबी" म्हणत. बुद्धपौर्णिमेला रेखाताई सगळ्या जिन्याला खीर वाटत, तेव्हा आजी वाटी घेऊन दारातच उभ्या राहून संपवत आणि वाटी पुढे करत.

आजींना पैशांची तशी ददात नव्हती. एकदा त्यांचं जड सामान तळघरात ठेवायला रेखाताई गेल्या, मीही सोबत होते. आजींच्या कोठडीत बिअरचे क्रेट रचलेले होते. आजी स्वतः बिअर पीत नव्हत्या. नवरा प्यायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्याच्या बिअरवर सूट आली की त्या आणतच राहिल्या होत्या. आजींनी हे अगदी सहज सांगितलं. वर येताना रेखाताई एका पायरीवर थांबल्या.

"हिलाही थांबता येत नाही," एवढंच म्हणाल्या.

मुलीचं नाव संघमित्रा. शाळेत ती नुसती मित्रा होती, आणि घरातही तेच राहिलं. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा दहा-एक वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्ये. रेखाताई मराठीत विचारत, ती जर्मनमध्ये सांगे, आणि मधलं बरंचसं दोघी अंदाजाने भरून काढत. मी येण्याआधी, मित्रा लहान असताना, एका माणसाला एकच कूपन असलं की रेखाताई तिला वेगळ्या रांगेत उभं करत. हातात दोन नाणी, एक कूपन आणि सूचना: ओळख दाखवायची नाही. मित्राला तो खेळ वाटे. ती इतकी गंभीर चेहऱ्याने परकी होई, की रेखाताईंना हसू आवरत नसे.

तेरा-चौदाची झाल्यावर खेळ संपला. त्या शनिवारी आम्ही तिघी खरेदीला गेलो होतो. रेखाताईंचं शाम्पूचं कूपन यंत्रात चालेना. काउंटरवरच्या मुलीने ते पुन्हा लावून पाहिलं, मग मान हलवली. रेखाताईंनी चष्मा सावरला आणि कागदावरची बारीक अक्षरं तिला वाचून दाखवायला सुरुवात केली. त्यांचं बरोबरच होतं. तारीख उलटली नव्हती, बाटलीही तीच होती. मुलीने घंटी वाजवून वरिष्ठांना बोलावलं. रांग लांबत गेली. कुणीतरी उसासा टाकला, कुणीतरी आपलं सामान उचलून दुसऱ्या रांगेत गेलं.

"ममा, बिट्टे," मित्रा हलकेच म्हणाली. "दास इस्ट पाइनलिश." आई, प्लीज, हे लाजिरवाणं आहे.

"एक मिनिट," रेखाताई म्हणाल्या. "आपलं बरोबर आहे."

तेवढ्यात मागून मित्राच्या वर्गातली एक मुलगी आणि तिची आई आल्या. मुलीने हात केला. मित्रा बाजूला सरकली, मासिकांच्या कपाटापाशी गेली आणि एक मासिक उघडून वाचू लागली. वर्गमैत्रिणीने काउंटरकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मित्राने मान वर न करता खांदे उडवले. कोण आहे काय माहीत, असे.

वरिष्ठ आले, त्यांनी कूपन बघितलं, माफी मागितली आणि सूट दिली. रेखाताईंनी बाटली पिशवीत टाकली. त्यांनी ते खांदे उडवणं पाहिलं होतं; मला ते त्यांच्या पिशवी धरण्यावरून कळलं. बसथांब्यावर मित्रा लांबच्या टोकाला उभी राहिली.

मी म्हणाले, "वय आहे ताई. होतं असं."

"मीच शिकवलं ना तिला," रेखाताई म्हणाल्या. "ओळख दाखवू नको म्हणायची. छान शिकली."



रेखाताईंची आई उमरेडला भावाकडे असे. रोज दुपारी फोन. त्या दोघींचं बोलणं म्हणजे भाजीचे भाव. तिथे वांगी काय किलो, इथे काय किलो. आई म्हणे, "एवढ्यात तर इथे पोतं येते वं." आणि रेखाताई खूश होत, आपण फार महाग जागी तग धरून आहोत याचं प्रशस्तिपत्र मिळाल्यासारख्या. आईला साखर होती, पुढे मूत्रपिंडांवर आलं. एका फेब्रुवारीत भावाचा फोन आला की आईला दवाखान्यात ठेवलंय, घाबरण्यासारखं नाही, पण जमलं तर येऊन जा.

त्या दिवशी मी त्यांच्याकडे होते, म्हणून मला पुढचं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आठवतं. मिलिंददादा कामावरून आले, जॅकेटही न काढता म्हणाले, "रेखा, तिकीट काढून टाकू का आत्ताच?"

रेखाताई लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. "थांबा हो. आठवड्यापूर्वी बघितलं होतं तर कितीतरी कमी होतं. मंगळवारी उतरते."

"तुझ्या मनानं बघ. मला पैशाचं नाही."

"तुम्हाला नाही, मला आहे ना."

मंगळवारी उतरलं नाही, चढलं. त्या म्हणाल्या, शाळांच्या सुट्ट्या आहेत म्हणून. सुट्ट्या संपल्या की पडते. रोज सकाळी त्या बघत. भाऊ म्हणत होता की आई आता बरी आहे, घरी आणलंय. आई स्वतः फोनवर म्हणाली, "घाई नको करू माय, पोरीची शाळा बुडते. उन्हाळ्यात ये, आंबे असतात." त्यामुळे थांबणं सोपं झालं. मिलिंददादांनी आणखी एकदा विचारलं. त्यांनी पुन्हा थांबा म्हटलं.

मार्चमध्ये एका सकाळी मित्राने मला फोन केला. ती जर्मनमध्येच बोलली, पण तिचा आवाज लहान मुलीचा झाला होता. आजी गेली, तू येतेस का.

मी पोचले तेव्हा मिलिंददादा कामाची पाळी अर्धी टाकून घरी आले होते आणि फोनवर तिकीट काढत होते. त्याच दिवसाचं, जे मिळेल ते. किंमत वाचून दाखवली नाही, कोणी विचारली नाही. रेखाताई पलंगावर बसून बॅगेत कपडे भरत होत्या. एकच साडी पुन्हा पुन्हा घडी करत होत्या. मित्रा त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली होती.

त्यांना सोडायला मिलिंददादांच्या गाडीतून आम्ही सगळे फ्रँकफुर्टच्या विमानतळावर गेलो. मी आणि मित्रा मागे. महामार्गावर पाऊस नव्हता, ऊन नव्हतं, नुसता पांढरट उजेड. मग मिलिंददादा म्हणाले, "मी तेव्हाच काढून टाकायला पाहिजे होतं."

"तुम्ही विचारलं होतं," रेखाताई म्हणाल्या. "मीच नाही म्हटलं."

"तरी मी काढायला पाहिजे होतं."

"तुम्ही विचारलं होतं," त्या परत म्हणाल्या, त्याच आवाजात. त्यांना नवऱ्याला दोष द्यायचा नव्हता, आणि आपला दोष कोणाला वाटूनही द्यायचा नव्हता. त्या पोचायच्या आधी सगळं उरकलेलं असणार हे गाडीतल्या सगळ्यांना माहीत होतं. अंत्यविधी न थांबता उरकू का, असं भावाने फोनवर विचारूनच घेतलं होतं.

आईच्या पुण्यानुमोदनाचा विधी करून त्या परत आल्या. काळ्या झालेल्या, केस विरळ झालेले. मी भेटायला गेले तर चहा केला, नागपूरच्या घराचं सांगितलं. जिना झालाय, वरचा मजला व्हायचाय. आम्हाला दिलेली खोली मागच्या अंगाला आहे, खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते. मग एकदम म्हणाल्या, "पहिल्यांदा बघितलेली किंमत माझ्या डोक्यात बसली होती. तीच खरी, बाकी सगळे लुटून राहिले असं वाटे. मी वर्गात पोरांना शिकवत होते, निरीक्षण करताना आधीचं मनात धरू नका. आणि स्वतः..." त्यांनी कप उचलून नळाखाली धरला. "आई आंबे म्हणाली, तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. मला ऐकू आलं होतं ते."

पुढच्या बुधवारी मी गेले तेव्हा साप्ताहिकाचे अंक पायरीवर तसेच होते. त्याच्या पुढच्या बुधवारीही. त्यांची थप्पी वाढली, ओली होऊन फुगली, आणि शेवटी फ्राऊ होल्त्सनी ती उचलून कागदांच्या डब्यात टाकली. वाटणाऱ्या बाईने अंक ठेवणं बंद केलं. रेखाताई खरेदीला जात, लागेल ते उचलत, पैसे देत, परत येत. हे त्यांनी रागावून केलं असतं तर मिलिंददादांना निदान काही बोलता आलं असतं.

त्या वसंतात एकदा मी सुपरमार्केटात गेले, तर माझ्यापुढे मिलिंददादा. ट्रॉलीत दह्याचे डबे, आणि हातात कूपन, कडा वेड्यावाकड्या फाटलेल्या. कात्री न वापरता हाताने फाडलेलं. काउंटरवरच्या माणसाने तारखेवर बोट ठेवलं. गेल्या आठवड्याचं होतं. मिलिंददादांनी ते परत घेतलं, नीट घडी करून पाकिटात ठेवलं आणि सगळ्या डब्यांचे पूर्ण पैसे दिले. मग मागे मी दिसले.

"तिला बरं वाटेल म्हणून," ते म्हणाले. "ती हे कसं करत होती कोणास ठाऊक. मला तर वाचताच येत नाही इतकं बारीक."

ते दही कोणी खाल्लं नाही. त्यातलं निम्मं माझ्याकडे आलं. मित्रा सांगायची, बाबा दर शनिवारी काहीतरी चुकीचं आणतात आणि आई काही म्हणत नाही, जागेवर लावून ठेवते. मित्रा आता आईबरोबर खरेदीला जायला लागली होती. रांगेत अगदी चिकटून उभी राहायची. मराठीतही बोलू लागली होती, तोडकंमोडकं, आणि रेखाताई तिच्या चुका दुरुस्त करत नसत.

कंत्राट त्या शरदातही वाढलं. पुढचं वर्ष पुढेच राहिलं. मला मात्र फ्रँकफुर्टजवळ एश्बॉर्नला दुसरी नोकरी मिळाली, आणि जायच्या महिन्यात कारखान्याच्या पार्किंगमध्ये मिलिंददादा भेटले. गाडीची किल्ली हातात घेऊन ते बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले. काहीतरी सांगायचं होतं.

"रेखाला गाडी शिकायची आहे," ते शेवटी म्हणाले.

"अरे वा."

"इथलं लायसन्स म्हणजे फार महाग प्रकरण असतं, म्हणतात. मी विचारलं, किती लागतील?" कुणाच्या आजाराबद्दल सांगावं तसा त्यांचा आवाज खाली आला. "म्हणाली, विचारलं नाही मी. नाव घालून आले."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार. भावाला कळवलं, वरच्या मजल्याचं प्लास्टर थोडं थांबेल." त्यांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "तिकीट काढू का म्हणून मी तेव्हा विचारत बसलो. आता नाही विचारत."

रेखाताईंनी स्वतः मला याबद्दल काही सांगितलं नाही. निरोप घ्यायला गेले तेव्हा त्यांनी तळघरातून धुण्याच्या पावडरचा एक खोका आणून माझ्या सामानात ठेवला, आणि मी नको म्हणायच्या आत दार लावून घेतलं. कपाटावरच्या बॅगा जागेवरच होत्या. पडदे तेव्हाही नव्हते.

त्यांना शेवटचं पाहिलं ते दुसऱ्या दिवशी, स्टेशनला जाताना, बसच्या खिडकीतून. टेकडीवरून खाली येणारा रस्ता जिथे मुख्य रस्त्याला मिळतो, तिथल्या सिग्नलपाशी आमची बस थांबली होती. शेजारच्या पट्ट्यात पहिलीच गाडी ड्रायव्हिंग स्कूलची, डोक्यावर पाटी असलेली. स्टिअरिंगमागे निळं जॅकेट. रेखाताई सीटवर फार पुढे सरकून बसल्या होत्या. बाजूला एक जाडजूड शिक्षक हाताची घडी घालून. मी काचेवर टकटक केली, पण त्यांना ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

सिग्नल हिरवा झाला. गाडी एक हिसका देऊन बंद पडली. आमची बस पुढे जाऊन चौकापलीकडच्या थांब्यावर थांबली, आणि मी मान वळवून बघत राहिले. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग तिच्या मागच्या गाडीने. शिक्षक काहीतरी सांगत होता. रेखाताईंनी त्याला हाताने थांबवलं. सिग्नल पुन्हा लाल झाला. मागे हॉर्न वाजतच होते, आणि त्या चष्मा काढून, ओढणीला पुसून, परत डोळ्यांवर चढवत होत्या.